कंडक्टरबाई तळ्यातून हलत नाहीत

बसमधून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कंडक्टरबाईंच्या तोंडातून बस काही उतरली नव्हती. भाजीच्या दुकानात गर्दी दिसली की त्या मागून हाक देत, "दारात उभं राहू नका! पुढे सरका, आत पुष्कळ जागा आहे!" आणि गंमत अशी की माणसं खरोखर सरकत. आवाजच तसा होता. इंजिनाच्या घरघरीवर मात करून शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय लागलेला तो आवाज घरातल्या दोन खोल्यांत मावत नसे. त्यांच्या यजमानांचा धंदा घड्याळदुरुस्तीचा. "लग्नाआधी मी टिकटिक ऐकून घड्याळ लावायचो," ते गिऱ्हाइकांना सांगत, "आता काटे बघून लावतो."

मुलगी त्यांना आई म्हणे, यजमान अगं म्हणत. बाकी सगळ्या वस्तीच्या त्या कंडक्टरबाई. उंचीनं बेताच्या, अंगानं आटोपशीर. डावा खांदा तिकिटांच्या पिशवीनं कायमचा झुकलेला. चहा नेहमी उभ्यानं घ्यायच्या, आणि उभ्या राहायच्या त्याही पाय जरासे फाकवून, जमीन केव्हा वळण घेईल याचा नेम नाही अशा बेतानं. एखादी गोष्ट मनात आली की तिच्या मागे हात धुऊन लागायच्या. त्यांच्या या स्वभावामुळे पुष्कळ कामं झाली आणि एक मोठं काम बिघडलं. त्या बिघडलेल्या कामाचीच ही हकीकत आहे.

त्यांच्या बसच्या शेवटच्या स्टॉपसमोर नावाला बाग म्हणायची असा जमिनीचा एक लहानसा तुकडा होता. एका बाजूला छापखान्याची मागची भिंत, दुसऱ्या बाजूला शाळेचं कुंपण, आणि मधे पंधरा-वीस जुनी झाडं नि एक तळं. तळं म्हणजे केवढं, तर दोन बसगाड्या शेजारी शेजारी लावता येतील एवढं. कोणे एके काळी कुणा शहाण्या माणसानं तिथे काही बांधायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून ते राहिलं होतं. गाडी परत फिरायच्या आधी जो वेळ मिळे त्यात ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपायचा, आणि कंडक्टरबाई डबा घेऊन तळ्याच्या काठी जाऊन बसायच्या. तारेवर एक खंड्या बसलेला असे. पाण्यात बेडूक डोळे तेवढे वर काढून असत. साऱ्या दिवसात तेवढी एकच जागा अशी होती जिथे त्यांच्याकडे कोणी सुट्टे मागत नव्हतं.

निवृत्तीनंतर काही महिन्यांनी त्या सहज म्हणून तिथे गेल्या, तर बसायला जागा नव्हती. तळ्यात एक गादी पडली होती. मोडक्या खुर्च्या, हात धुवायचं फुटकं भांडं, एकेकट्या चपला, आणि सगळ्यावर प्लास्टिकच्या पिशव्यांची साय. कंडक्टरबाई घरी आल्या, एक पोतं घेतलं आणि परत गेल्या. संध्याकाळी यजमानांनी विचारलं, "कुठे होतीस?"

"ड्यूटीवर," त्या म्हणाल्या.

छापखान्यासमोरच्या माडीवर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर भिडस्त, विधुर, हळू बोलणारे. आ वासून खुर्चीत पडलेल्या पेशंटला खिडकीतून तो उकिरडा दिसे आणि डॉक्टरांना ओशाळल्यासारखं होई. एक दिवस खाली वाकलेली ही बाई दिसली तसे ते दवाखान्यातले हातमोजे आणि तोंडावरची पट्टी चढवून खाली आले. कंडक्टरबाईंनी त्यांना नखशिखान्त पाहिलं. "पट्टी काढा, डॉक्टर. इथला मासा काही तुमच्या तोंडावर जांभई देणार नाही."

मग बेकरीतल्या दोघी जावा आल्या, थोरली आणि धाकटी. दोघींचं दुकान एक, चूल एक, पण कुठल्याशा कपाटाच्या किल्लीवरून बिनसलं होतं ते कायमचं. एकमेकींशी बोलायचं झालं तर तिसऱ्या माणसाच्या मार्फत.

"कंडक्टरबाई, कुणाला तरी सांगा, पायाखाली खुरपं आहे."

"कंडक्टरबाई, कुणाला तरी सांगा, आम्हाला डोळे आहेत."

"मी मधे तार ओढून देते तुमच्यासाठी," कंडक्टरबाई म्हणायच्या. "टेलिफोन करा एकमेकींना."

असं करता करता वीस-पंचवीस माणसं जमली. दर रविवारी सकाळी फावडी, टोपल्या, पोती घेऊन यायची. कचरा गेला, झाडांची आळी मोकळी झाली, काठाची पायवाट सापडली. आणि मग तळ्याची पाळी आली.

उन्हाळ्यात पाणी आटून गुडघाभर राहिलं होतं आणि खालच्या काळ्या गाळाला वास मारत होता. आता कंडक्टरबाईंचा एक जुना शिरस्ता होता. गाडी डेपोत सोडायच्या आधी तिचा तळाचा पत्रा लख्ख दिसेपर्यंत झाडून घ्यायचा. दुसऱ्या कंडक्टरांनी त्यावरून टवाळी केली, पण त्यांनी तो कधी मोडला नाही. तळ्याच्या काठी कमरेवर हात ठेवून त्यांनी हुकूम सोडला, "गाळ काढायचा तर पुरता काढायचा. खालची स्वच्छ जमीन दिसली पाहिजे. अर्धवट काम मला चालत नाही."

डॉक्टर चाचरत म्हणाले, "थोडासा ठेवू या का, बाई? बेडूक वगैरे असतात..."

"डॉक्टर, तुम्ही दातातली कीड थोडीशी ठेवता का?"

डॉक्टरांनी मुकाट टोपली उचलली. ते धंद्याच्या शब्दात सापडले होते.

वरचा काळा गाळ वस्तीतल्या गॅलऱ्यांमधल्या कुंड्यांत गेला. लोक टोपल्या घेऊन रांग लावून उभे राहिले. त्याखाली एक करडा, चिकट थर लागला. चप्पल अडकली तर पाय बाहेर येई, चप्पल आतच राही. तो कुणालाच नको होता. पहारीनं उकरून उकरून त्याचा ढीग छापखान्याच्या भिंतीशी घातला. त्यातल्या दोन टोपल्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई मुलांना खेळणी करायला घेऊन गेल्या. आणि त्याखाली लागला पिवळा, स्वच्छ, खडखडीत मुरूम. सगळ्यांनी त्यात उभं राहून फोटो काढून घेतला. कंडक्टरबाई मधोमध. चेहऱ्यावर असं समाधान, की बघणाऱ्याला वाटावं घरात कार्य निघालंय.

पुढे पाऊस झाला, तळं काठोकाठ भरलं आणि पाऊस उघडताच रितं झालं. परत भरलं, परत रितं. उन्हानं आटलं म्हणावं तर ऊन नव्हतं. थोरलीनं कुणीतरी रात्री पंप लावत असल्याची शंका काढली, आणि धाकटीनं कुणाला तरी सांगायला सांगितलं की दुसऱ्यावर संशय घेणं ही काहींची जुनी खोड आहे. बेडकांचा आवाज बंद झाला. खंड्या तारेवर येऊन बसला, खाली कोरडा मुरूम बघितला आणि उडून गेला. पुन्हा आला नाही.

ग्रंथालयातून पुस्तकं आणून वाचत बसले ते डॉक्टर. एका रविवारी ते कंडक्टरबाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, तो करडा चिकट थर म्हणजे घाण नव्हती. ते तळ्याचं बूड होतं. पाणी त्याच्यावर टिकून होतं. आपण बूडच काढून टाकलं."

कंडक्टरबाई काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावरही काही बोलल्या नाहीत. यजमानांनी हातातलं घड्याळ खाली ठेवून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

त्यांची मुलगी आणि जावई जवळच राहत. जावई शहराच्या उद्यान खात्यात इंजिनिअर. स्वभावानं मऊ, चहात साखर विसरली तरी तसाच पिऊन छान झालाय म्हणणारा. त्या रविवारी दोघं जेवायला आले, तर जेवताना तो सारखा पाण्याचाच पेला उचलत होता.

"काय ते बोलून टाका, जावईबापू," कंडक्टरबाई म्हणाल्या. "घास अडकलाय तुमच्या घशात."

"आई, त्या बागेतल्या खड्ड्याचं..."

"तळ्याचं."

"त्या तळ्याचं. गेल्या महिन्यात एक आजोबा त्यात घसरून पडले. पाय मुरगळला त्यांचा. तक्रार आली. मोठ्या साहेबांनी ठरवलंय, भराव टाकून सपाट करायचं, वर फरशी, आणि व्यायामाची यंत्रं बसवायची."

"यंत्रं कशाला? फावडं मारा म्हणावं, व्यायाम होतो."

मुलगी मधे पडली. "आई, त्याला काय बोलतेस? त्यानं थोडंच ठरवलंय?"

"सही कुणाची आहे?"

जावयानं मान खाली घातली. "सही माझी आहे. निर्णय माझा नाही." मग तो हळूच म्हणाला, "पाणी असतं ना, आई, तर कुणाला हात लावता आला नसता. खात्याच्या नकाशात ते तळं आहे, आणि पाणी असलेलं तळं बुजवायला बंदी आहे. पण कोरड्या खड्ड्याला कसलं संरक्षण? आणि तो..." त्यानं वाक्य गिळलं.

"बोला."

"तो कोरडा तुम्हीच केलात."

यजमानांनी चमचा ताटात ठेवला. मुलीनं नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याला जेवण गोड लागू नये. कंडक्टरबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "हो. मी केला. मग ओला पण मीच करणार. भरावाची गाडी कधी येणार आहे?"

"पुढच्या महिन्यात. तारीख ठरली की..."

"तारीख मला सांगू नका. उद्या कुणी म्हणायला नको, घरातून बातमी फुटली. गाडी आली की मला दिसेलच."

त्यांनी त्याच्या ताटात भात वाढला. वाढताना हात सढळ होता.

दुसऱ्या रविवारी कंडक्टरबाई एका उलट्या टोपलीवर उभ्या राहिल्या. "ऐका सगळे. तळ्याचं बूड मी काढायला लावलं. डॉक्टर नको म्हणत होते, मी त्यांचं तोंड बंद केलं. चूक माझी. ज्यांना मला बोलायचंय त्यांनी आत्ताच बोलून घ्या, कारण नंतर कामाला लागायचंय."

थोरली म्हणाली, "बोलून काय पाणी येणार आहे?"

कुणाला तरी सांगायला न सांगता धाकटी म्हणाली, "अगदी खरं."

दोघी आपल्याच बोलण्यानं चमकल्या आणि दोन दिशांना बघू लागल्या.

भिंतीशी घातलेला चिकणमातीचा ढीग उन्हानं विटेसारखा कडक झाला होता. तो फोडला, भिजवला, टोपल्यांनी खाली नेला. जो तो आपापला कोपरा धरून पायांनी तुडवायला लागला. आज एकानं थोडं केलं, उद्या दुसऱ्यानं थोडं. आठवडा संपायच्या आत सगळ्या कामाला भेगा पडल्या. एकाचं काम वाळायचं तेव्हा दुसऱ्याचं ओलं असायचं, आणि दोन्ही जिथे मिळायची तिथे बोट जाईल एवढी फट. पाईप लावून थोडं पाणी सोडलं, तर त्या फटींतून गटगट आवाज करत निघून गेलं. माणसं कमी झाली. कुणाचे गुडघे दुखायला लागले, कुणाकडे पाहुणे आले.

"सोडून दे आता," यजमान एका संध्याकाळी म्हणाले. टिंगल नव्हती त्यात. कंडक्टरबाई खाटेवर बसून पायाला तेल चोळत होत्या आणि ते नुसते बघत होते. "तू काय जन्मभर त्याचं देणं लागतेस का?"

"मला राग येतोय," त्या म्हणाल्या.

"कुणाचा? खात्याचा?"

"खात्याचा येतो. पण जास्त माझा. आणि माझ्या चुकीपायी त्यांनी माझं तळं बुजवायचं, हे मी खपवून घेणार नाही. माझी चूक आहे ना? मग तिच्यावर दुसऱ्यानं फरशी का घालायची?"

यजमानांनी तेलाची वाटी जवळ ओढली. "दुसरा पाय दे," ते म्हणाले.

डॉक्टर पुस्तकात बोट घालून आले ते त्याच आठवड्यात. "बाई, चुकतंय कुठे ते कळलं. सगळं एकदम व्हायला पाहिजे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, माती वाळायच्या आत. माणसं अगदी खेटून उभी पाहिजेत, मधे फट नको, आणि सगळ्यांनी मिळून सावकाश पुढे सरकायचं. पण एवढी माणसं एकत्र दाटीवाटीनं चालवायची कशी, तेच काही..."

ते बोलता बोलता थांबले, कारण कंडक्टरबाई हसायला लागल्या होत्या.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "तुम्ही मला गर्दीची वेळ सांगताय."

पुढचे दोन-तीन दिवस त्या दारोदार फिरल्या. कुणाच्या विनवण्या केल्या नाहीत. "रविवारी सकाळी चिखलात यायचं. पाय असतील त्यांनी पायांनी, नसतील त्यांनी बादली घेऊन." चिकणमाती कमी पडेल असं डॉक्टर म्हणाले होते, तेव्हा त्या शाळेत गेल्या. चित्रकलेच्या बाईंनी कपाट उघडलं. आत वाळलेल्या मातीचे हत्ती, उंट, कासवं आणि कशाचं काय हे न कळणारे बरेच प्राणी ओळीनं मांडलेले. बाईंना वाटलं मुलं रडतील. मुलांनी उलट स्वतःच आणून दिले, आणि रविवारी ते सगळे हत्ती एकापाठोपाठ एक पाण्यात विरघळून गेले. कुंड्यांतला काळा गाळही बराच परत आला, कुठे कुठे मुळांसकट.

रविवारी बागेत माणूस मावेना. छापखान्यातले लोक आले, बेकरीचा भट्टीवाला आला, तो पाय मुरगळलेला म्हाताराही काठी टेकत आला. "मी पडलो म्हणून खातं खड्डा बुजवायला निघालंय ना," तो म्हणाला, "आता मुद्दाम पडतो बघा." त्याला काठावर खुर्ची दिली आणि पाण्याच्या पाईपावर नेमलं.

कंडक्टरबाई कपडे गुडघ्यांवर खोचून टोकाला उभ्या राहिल्या आणि त्यांनी आवाज सोडला. "चला, आत या! दारात घोळका करू नका! खांद्याला खांदा लागला पाहिजे, मधून हवा जाता कामा नये! अहो छापखाना, तुम्ही दोन सीटांची जागा अडवलीय, आवरून उभे राहा! डावा पाय, दाबा! उजवा पाय, दाबा! पुढे सरका! डॉक्टर, तुम्ही नाचताय, तुडवा!"

शंभर पाय एकदम उठायचे, एकदम पडायचे. चिखल पचपच वाजायचा. गर्दीत जागा मिळेल तिथे उभं राहायचं असल्यामुळे थोरली आणि धाकटी नेमक्या शेजारी आल्या. थोरलीचा पाय रुतला तो निघेना, तोल गेला, तिनं धाकटीचा दंड धरला.

"अगं, पाय उचल ना!" धाकटी ओरडली. "टाच आधी! टाच!"

"कुठून उचलू, तूच माझ्या पायावर उभी आहेस!"

कंडक्टरबाईंनी वळून बघितलं आणि घाईघाईनं दुसरीकडे तोंड फिरवलं. असल्या वेळी बघितलं तर नजर लागते, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

अर्धं तळं झालं होतं तेव्हा फाटकाशी भरावाची गाडी येऊन उभी राहिली. सुट्टीच्या दिवशी आली, कारण सुट्टीच्या दिवशी तिथे कोणी नसेल असं मोठ्या साहेबांना वाटलं होतं. गाडीमागून खात्याची मोटार आली. तीतून साहेब उतरले, आणि त्यांच्या मागून कंडक्टरबाईंचा जावई. सासूला चिखलात गुडघाभर पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे काय चाललंय?" साहेब म्हणाले. "बाहेर या सगळे. कामाला जागा हवी आहे."

तुडवणं थांबलं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. काठाजवळच्या दोघातिघांनी पाय वर काढलाही.

"कोणी उतरायचं नाही!" कंडक्टरबाईंचा आवाज छापखान्याच्या भिंतीवर आपटून परत आला. "साहेब, आमचं काम चालू आहे. थांबलं तर भेगा पडतील."

"बाई, हा सरकारी आदेश आहे."

"असेल. पण सरकारी नकाशात हे तळं आहे. आम्ही तळ्यात उभे आहोत."

"तळ्यात पाणी असतं."

"येतंय. त्या आजोबांच्या हातात पाईप बघा."

आजोबांनी पाईप उंच करून दाखवला. थोडं पाणी साहेबांच्या बुटांवर उडालं. मुद्दाम की चुकून हे आजोबांनी नंतर कुणालाही सांगितलं नाही.

साहेब जावयाकडे वळले. "तुमची सही आहे ना कामावर? गाडी मागे घ्यायला सांगा आणि टाका भराव. बाहेर येतील आपोआप."

तिथे जमलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं तो कुणाचा जावई. कंडक्टरबाई त्याच्याकडे बघत होत्या, पण त्यांनी त्याला हाक मारली नाही, डोळ्यांनी काही सुचवलंही नाही. त्याचं त्याला ठरवू दिलं. कदाचित कंडक्टरबाईंना ते हाक मारण्यापेक्षा जड गेलं असेल.

जावई एक पाऊल पुढे आला. "साहेब, आत माणसं आहेत. माणसं असताना भराव टाकता येत नाही. तो सुरक्षेचा पहिला नियम आहे." तो गाडीवाल्याकडे वळला आणि म्हणाला, "गाडी परत न्या."

साहेबांनी मोटारीचं दार उघडलं. मग म्हणाले, "ठीक आहे. काही दिवसांनी मी परत येईन. पाणी टिकलेलं असेल तर तळं. नसेल तर खड्डा. आणि तेव्हा आत कोणीही उभं असलं तरी मला चालेल." मोटारीत बसताना त्यांनी जावयाला बसायला सांगितलं नाही. तो बिचारा चालत गेला.

"बघताय काय?" कंडक्टरबाई म्हणाल्या. "डावा पाय!"

दुपार कलायच्या आत दुसरं टोक आलं. ठरल्याप्रमाणे काही दिवसांनी साहेब परत आले तेव्हा तळ्यात पाणी होतं. काठोकाठ नव्हतं, पाणी मोजायला रोवलेल्या काठीवरच्या खुणेपेक्षा ते चार बोटं उतरलेलं होतं, आणि साहेबांच्या ते लक्षात आलं.

"उतरतंय," ते म्हणाले.

"उतरतं," कंडक्टरबाई म्हणाल्या. "शाळेच्या बाजूच्या कोपऱ्यात गळतंय अजून. ते मी बुजवणार. पण पाणी आहे ना? आहे. तुमच्या तोंडचा शब्द होता."

शब्द चार लोकांसमोर दिला गेला होता, आणि तळ्याच्या काठी आज त्याहून बरेच लोक उभे होते. साहेबांनी नकाशातलं तळं तळंच राहू दिलं. पण त्यांना दुसरीकडे जे करता येत होतं ते त्यांनी केलं. महिनाभरात जावयाची उद्यान खात्यातून बदली झाली, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, रस्त्यावरच्या दिव्यांकडे.

मुलगी आईकडे आली ती चप्पल न काढताच आत आली. "झालं समाधान? सकाळी अंधारात निघतो तो, घरी येतो तेव्हा जेवायचीही ताकद नसते. झाडांत काम करायचं म्हणून ती नोकरी धरली होती त्यानं. आता खांब मोजतोय. तुझ्या चिखलापायी!"

घड्याळवाले उठून आतल्या खोलीत गेले. कंडक्टरबाई ओट्याशी उभ्या होत्या, तशाच राहिल्या.

"त्याचं मला वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "फार वाटतं. झोप लागत नाही मला. त्याला मी तसं सांगितलं, आणि तो नेहमीसारखं काही नाही आई म्हणाला. बदलीविरुद्ध भांडायचं ठरवलंस तर मी तुझ्याबरोबर येईन, तुमच्या त्या साहेबांच्या दारात रोज उभी राहीन. पण तळ्याचं वाईट वाटतं का म्हणशील, तर नाही. तुझ्यासाठीसुद्धा मी खोटं बोलणार नाही."

"तू कधीच वाकणार नाहीस, नाही का?"

"मला कामाला जायचंय. येतेस?"

मुलगी रागानं मागोमाग निघाली, का ते तिचं तिलाच कळलं नसावं. तळ्याशी सकाळचं ऊन पाण्यावर पसरलं होतं. बेडूक अजून परत आले नव्हते, खंड्याही नव्हता. पाण्यावर चालणारे काही किडे तेवढे होते, आणि कुंडीतल्या मातीबरोबर आलेलं कसलं तरी रोप कडेला तग धरून होतं. शाळेच्या बाजूच्या कोपऱ्यात माती खचून तळहाताएवढा खळगा पडला होता, आणि त्यातून पाणी निघून जात होतं.

कंडक्टरबाईंनी चपला काठावर ठेवल्या, कपडे खोचले, चिकणमातीची टोपली कमरेवर घेतली आणि पाण्यात उतरल्या.

"मदत करणारेस, की नुसती बघणारेस?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"नुसती बघणार आहे," मुलगी म्हणाली. ती काठावरच्या दगडावर बसली, हाताची घडी घालून. रडून तिचे डोळे लाल झाले होते.

"बघ," कंडक्टरबाई म्हणाल्या, आणि खळग्यात मातीचा गोळा घालून त्यावर टाच दाबू लागल्या.